वाईट वर्षाचे धान्य

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेस शंभरेक किलोमीटरांवर असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो, ही गोष्ट भूगोलाच्या क्रमिक पुस्तकात पर्जन्यछायेच्या प्रदेशाचे उदाहरण म्हणून प्रत्येकाने वाचलेली असते. त्या पाठात सहसा न येणारी गोष्ट अशी की, माण-खटाव, जत-आटपाडी, सांगोले-मंगळवेढे, करमाळे-कर्जत, आष्टी-पाटोदे असा जो हा कोरडा पट्टा दख्खनच्या पठारावर दक्षिणोत्तर पसरलेला आहे, त्यातील मनुष्यवस्ती काल-परवाची नव्हे. शतकानुशतके येथे गावे नांदली, बाजार भरले, देवस्थाने उभी राहिली आणि एकामागून एक आलेल्या राजवटींनी जमिनीचा साराही वसूल केला. दर काही वर्षांनी ज्या मुलखात पाऊस हमखास दगा देतो, त्या मुलखाने इतकी माणसे इतका काळ कशाच्या बळावर पोसली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे तो शोध फिरून फिरून ज्वारी आणि बाजरी या दोन तृणधान्यांपाशी येऊन थांबतो.

या मुलखाचा पाऊस अल्प आहे एवढेच म्हटल्याने त्याचे पुरते वर्णन होत नाही. मृगाच्या सरी येतात, खरिपाची आशा दाखवतात, आणि मग आषाढ-श्रावणात, घाटमाथ्यावर व कोकणात धारा कोसळत असता, येथे आठवड्यामागून आठवडे कोरडा वारा वाहत राहतो. त्यातल्या त्यात भरवशाचा पाऊस येतो तो भाद्रपदात, मोसमी वारे परतीच्या वाटेला लागण्याच्या सुमारास, आणि म्हणून सोलापूर जिल्ह्यात, जेथे वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास आहे, सप्टेंबर हाच सर्वांत ओला महिना ठरतो. या क्रमाशी जुळवून घेण्याचे जे दोन मार्ग येथील शेतकऱ्याने शोधून काढले, त्यांतच या दोन धान्यांची वाटणी झालेली आहे. हलक्या, उथळ, मुरमाड जमिनीत ओल फार दिवस टिकत नाही. तेव्हा तेथे पहिल्या चांगल्या पावसावर बाजरी पेरायची आणि होईल तितक्या लवकर ती पदरात पाडून घ्यायची. भारी काळ्या जमिनीत मात्र खरिपात काहीच न पेरता, कुळवाच्या पाळ्या देत, भाद्रपदाचे पाणी मुरवून घ्यायचे आणि उत्तरा-हस्ताच्या आगेमागे ज्वारी पेरायची. या दुसऱ्या मार्गातील विलक्षणपणा परिचयामुळे आपल्या ध्यानात येत नाही. जगातील बहुतेक जिराईत पिके पावसाबरोबर वाढतात. हे पीक पाऊस गेल्यावर वाढते, आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या त्याच्या साऱ्या आयुष्यात एखादी अवकाळी सर आली तर आली, एरवी आभाळाकडून त्याला काहीच मिळायचे नसते.

हे घडू शकते ते जमिनीच्या गुणामुळे. बेसाल्टाचा खडक झिजून झालेल्या या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती विपुल असते. तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या मधल्या जागेत पाणी शिरते, माती फुगते आणि ते पाणी धरून ठेवते. अशी जमीन मीटरभर खोल असली तर पिकाच्या मुळांना घेता येईल असे सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी तिच्या पोटात राहते. परंतु जो गुण भिजताना उपकारक तोच वाळताना अपकारक ठरतो. माती आक्रसते, तिला हातभर खोल भेगा पडतात, त्या भेगांत पिकाची मुळे तुटतात आणि खालची ओल वाऱ्याबरोबर उडून जाते. म्हणून रब्बी ज्वारीत कोळपणीला जे महत्त्व आहे ते केवळ तण काढण्यापुरते नाही. कोळप्याच्या फासेने वरची दोन-तीन बोटे माती मोकळी झाली म्हणजे भेगा बुजतात आणि ओल वर चढण्याची वाट मोडते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जे शेतकरी म्हणतात त्यात अतिशयोक्ती असली तरी तर्क अचूक आहे. वर्षाची बेगमी एकदाच घरात भरलेल्या आणि पुढे काहीही आत येणार नाही हे ठाऊक असलेल्या कुटुंबाने जसा हात आखडून खर्च करावा, तसा खर्च या पिकाला पाण्याचा करावा लागतो.

हात आखडण्याची ही विद्या ज्वारीच्या अंगोपांगी मुरलेली आहे. तिची मुळे तंतुमय आणि दाट असून खोल जमिनीत ती दीड मीटरपर्यंत व त्याच्याही खाली उतरतात. पानांवर आणि ताटावर मेणाचा जो पांढुरका लेप असतो, तो बाष्पीभवनाला आळा घालतो. पाण्याची ओढ बसू लागली की पाने लांबीच्या रेषेत गुंडाळली जातात आणि उन्हास व वाऱ्यास सामोरा होणारा पृष्ठभाग कमी होतो. त्याच वेळी पेशींतील रसात शर्करा व अन्य विद्राव्य पदार्थ साठून तो घट्ट होतो, त्यामुळे कोरडी पडत चाललेली मातीही आपले पाणी सहजासहजी परत खेचू शकत नाही. ओढ फारच वाढली तर फुलोऱ्यापूर्वीच्या अवस्थेत ज्वारी आपली वाढ जवळजवळ थांबवून निश्चेष्ट राहते, आणि ओल मिळताच पुन्हा वाढीस लागते. मक्यासारखे पीक तशा प्रसंगी करपून जाते.

याहून खोलवरचे कारण तिच्या अन्ननिर्मितीच्या रासायनिक क्रियेत आहे. गहू, भात आदी बहुसंख्य वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड प्रथम तीन कार्बन-अणूंच्या संयुगात बांधतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांत तो आधी चार कार्बन-अणूंच्या संयुगात बांधला जातो आणि मग पानाच्या आतल्या पेशींकडे जणू दाबून पोचवला जातो. हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात उसावर प्रयोग करून या क्रियेचा उलगडा केला. तिचा व्यावहारिक लाभ असा की, पर्णरंध्रे अर्धवट मिटलेली असतानाही अशा वनस्पतीचे काम भागते आणि जितकी रंध्रे मिटलेली तितके पाणी वाचते. कारण ठाऊक नसताना परिणाम मात्र त्यापूर्वी अर्धे शतक मोजला गेला होता. ब्रिग्ज आणि शांट्झ या दोघा अमेरिकन संशोधकांनी कोलोरॅडोतील अ‍ॅक्रन येथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुंड्यांत पिके वाढवून हिशेब मांडला, तेव्हा एक किलो शुष्क द्रव्य तयार करण्यास ज्वारीला सुमारे तीनशे लिटर तर गव्हाला पाचशेच्या घरात पाणी लागते असे आढळून आले. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी: उसाची रासायनिक क्रिया ज्वारीसारखीच काटकसरीची असूनही तो एकंदरीत फार पाणी पितो, कारण तो वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ रानात उभा असतो आणि त्याच्या वाढीला सीमा घातलेली नसते. म्हणजे पिकाची अवर्षणसहता एका गुणात नसते; काटकसर, अल्पायुष्य आणि प्रसंगी थांबण्याची क्षमता या सर्वांची ती मिळून होते.

रब्बी ज्वारीची कठीण परीक्षा अखेरीस असते. पौषाच्या सुमारास कणसे निसवून दाणे भरू लागतात, तेव्हा जमिनीतील वरच्या थरांची ओल सरलेली असते. पाने वाळू लागली म्हणजे दाणे भरण्यासाठी वनस्पती ताटातील साखर काढून कणसाकडे पाठवते; ताट पोकळ, दुबळे होते आणि नेमक्या याच वेळी जमिनीत दबा धरून बसलेली बुरशी मुळांवाटे त्यात शिरते. हाच खडखड्या रोग. यात उभी ताटे बुंध्याशी वाळून कोलमडतात आणि कडब्याबरोबर दाणाही हातचा जातो. याच्या उलट काही वाणांची पाने दाणे पक्व होईपर्यंत हिरवी राहतात. या हिरवेपणाचा एक प्रसिद्ध आनुवंशिक स्रोत इथिओपियातील स्थानिक ज्वारीत सापडला आणि तेथून तो अमेरिकेच्या, ऑस्ट्रेलियाच्या व भारताच्या पैदास-कार्यक्रमांत पसरला. ज्वारीचे मूळ ईशान्य आफ्रिकेत आहे हे ध्यानी घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही. ज्या भूमीत या गवताचे धान्य झाले, तेथेच त्याच्या गुणांचे वैचित्र्य सर्वांत अधिक असावयाचे.

बाजरीची नीती निराळी. तिचाही जन्म आफ्रिकेतला, पण सहाराच्या दक्षिण कडेच्या रेताड सहेल प्रदेशातला. आणि तेथील पावसाळा इतका आखूड की, टिकून राहण्यापेक्षा वेळीच उरकून घेणे हाच तिथे शहाणपणा होय. पंचाहत्तर ते नव्वद दिवसांत बाजरी पेरणीपासून काढणीपर्यंत पोचते. तिला फुटवे पुष्कळ येतात आणि ते एकाच वेळी निसवत नाहीत. मुख्य कणीस फुलोऱ्यात असता पावसाने ओढ दिली आणि ते पोचट राहिले, तरी मागून आलेल्या फुटव्यांपैकी काहींना पुढची सर गाठता येते. नाशिक-नगरच्या हलक्या रानापासून मारवाडच्या वाळूपर्यंत तिचे राज्य आहे ते या गुणामुळे. आहाराच्या दृष्टीनेही ती दुय्यम नव्हे. तिच्यातील लोहाचे स्वाभाविक प्रमाण गहू-तांदळापेक्षा अधिक असते, आणि ते आणखी वाढवून काढलेला ‘धनशक्ती’ हा वाण राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळील पाटनचेरूची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून २०१२ साली महाराष्ट्रात प्रसृत झाला.

कोरडवाहू शेतीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा उपक्रम आपल्याकडे जुना आहे. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ मध्ये हे काम ताम्हणे यांनी सुरू केले व पुढे ना. वि. कानिटकर यांनी ते वाढवले. १९३३ पासून तत्कालीन इंपीरियल कृषी संशोधन मंडळाच्या योजनेने सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक येथे कोरडवाहू संशोधनाची केंद्रे उघडली गेली. त्यांतून जी ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेली, तिचा सारांश असा: बांधबंदिस्ती करून पाणी जागीच मुरवावे, शेणखत घालावे, नांगरट दर वर्षी न करता काही वर्षांनी एकदा करावी, कुळवाच्या पाळ्या वेळेवर द्याव्यात, आणि बी थोडे व ओळी रुंद ठेवाव्यात, म्हणजे ओलीला वाटेकरी कमी होतात. याच काळात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने ३५-१ हा वाण वेगळा काढण्यात आला. मोत्यासारखा टपोरा, चकचकीत दाणा, चवदार भाकरी, पुरुषभर उंच ताट आणि ओढ सोसण्याची ताकद हे गुण त्यात असे एकवटले की, ऐंशीहून अधिक वर्षे लोटली तरी रब्बी ज्वारी म्हटली की शेतकऱ्याच्या तोंडी मालदांडी हेच नाव येते.

स्वातंत्र्योत्तर काळात अन्नधान्याच्या टंचाईने सरकारचे आणि शास्त्रज्ञांचे लक्ष अधिक उत्पन्नाकडे वळले, आणि ते स्वाभाविकच होते. १९६४ साली सी. एस. एच. १ हा ज्वारीचा पहिला भारतीय संकरित वाण आला. पुढच्याच वर्षी लुधियान्याहून एच. बी. १ ही संकरित बाजरी आली. खरिपात आणि चांगल्या पावसात या वाणांनी उत्पन्न पुष्कळ वाढवले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्यांची दुसरी बाजू लवकरच उघड झाली. लवकर पक्व होणाऱ्या संकरित ज्वारीची कणसे ऐन पावसात सापडू लागली, दाणा बुरशीने काळा पडू लागला आणि बाजारात त्याची किंमत घसरली. संकरित बाजरीवर १९७० नंतर गोसावी रोगाची साथ आली. कणसात दाण्यांऐवजी पानांचे हिरवे झुपके फुटू लागले, आणि एकाच वंशाचे बी मैलोगणती पेरलेले असल्यामुळे रोगाला कोठे अडसरच राहिला नाही. रब्बीसाठीही संकरित वाण काढले गेले, परंतु खोडमाशीचा उपद्रव, दाण्याचा उणा दर्जा आणि आखूड ताट या कारणांनी त्यांना मालदांडीची जागा घेता आली नाही.

या इतिहासातून जो विचार निघतो तो मला या विषयाचा गाभा वाटतो. पिकाची थोरवी आपण सरासरी उत्पन्नाने मोजतो, आणि सरासरी ही चांगल्या वर्षांच्या बाजूने झुकणारी गोष्ट आहे. दोन वर्षे वीस क्विंटल आणि तिसऱ्या वर्षी शून्य देणारे पीक कागदावर तेरा क्विंटलांचे दिसते. दर वर्षी सात-आठ क्विंटल देणारे त्याच्यापुढे निम्मे ठरते. व्यापाऱ्याला किंवा सधन बागाईतदाराला पहिले पीक फायद्याचे असेलही, कारण शून्याचे वर्ष तो गाठच्या पैशावर काढू शकतो. ज्याच्यापाशी गाठच नाही त्याच्या घरी त्या एका वर्षात बैल विकला जातो, जमीन गहाण पडते, मुले शाळेतून निघतात आणि कुटुंब ऊसतोडीच्या टोळीबरोबर परमुलखी जाते. पुढच्या दोन वर्षांचे वीस क्विंटल मग सावकाराच्या घरी पोचतात. कोरड्या मुलखात अन्नसुरक्षा म्हणजे वाईट वर्षी घरात किती येते याचा प्रश्न असतो, आणि मालदांडीला तिच्या सामान्य उत्पन्नानिशी जे दीर्घायुष्य लाभले ते शेतकऱ्याने हा प्रश्न तिला विचारून पाहिल्यामुळे.

त्याच्या हिशेबात दाण्याइतकेच वजन कडब्याला असते. उंच ज्वारी दाण्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा कडबा देते, आणि दुष्काळात माणसाच्या आधी जनावर मरते; बैल गेला म्हणजे पुढच्या वर्षी चांगला पाऊस पडूनही पेरणी हुकते. दाणे भरायच्या आधीच ओल संपली तरी ताटे उभी असतात, त्यांची वैरण होते आणि दावणीचे जनावर वाचते. म्हणजे या पिकाचा जो भाग अन्न म्हणून साफ बुडाला, तोही दुसऱ्या वाटेने पुढच्या वर्षाच्या अन्नाची तजवीज करून जातो. ठेंगण्या वाणांची शिफारस करताना धान्याचे वजन तेवढे काट्यावर घातले गेले, त्यामुळे हा अर्धा हिशेब पुष्कळदा वहीत आलाच नाही.

उरलेला भाग साठवणीचा. पिकाची सहनशक्ती एका हंगामापुरती असते. लागोपाठ दोन वर्षे भाद्रपद कोरडा गेला तर पेरणीलाच ओल मिळत नाही आणि तेथे कोणत्याही वाणाचा इलाज चालत नाही. म्हणून सोलापूरकडच्या गावांतून पेवे असत. घट्ट मुरमाड जमिनीत विहिरीसारखी खोल खोली खणायची, बाजूंना कडब्याचे अस्तर द्यायचे, ज्वारी भरायची आणि अरुंद तोंड दगड-मातीने लिंपून टाकायचे. आत कोंडलेले धान्य व त्यातील किडे श्वसनाने तेथला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, किडे मरतात आणि धान्य वर्षानुवर्षे टिकते. याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतते, आणि म्हणून तोंड मोकळे करून काही काळ थांबण्याचा व मग दिवा आत सोडून पाहण्याचा शिरस्ता पडला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात लहानथोरांना ठाऊक आहे. बेदरच्या बादशहाच्या पदरी असलेल्या या अंमलदाराने दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी मोकळी केली आणि त्याचा भरणा विठ्ठलाने केला, अशी परंपरा सांगते. भक्तीचा भाग भाविकांकडे ठेवला तरी त्या कथेत एक ऐहिक सत्य उरतेच: दुष्काळातही मंगळवेढ्यास उघडण्याजोगी कोठारे होती, आणि अडचण धान्याच्या अस्तित्वाची नसून हुकमाची होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी विस्कटली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली. तीही ज्वारीच, आफ्रिकेहून अमेरिकेत गेलेली, पण मालदांडीच्या भाकरीला सरावलेल्या तोंडाला ती रुचली नाही आणि तिची कडवट आठवण त्या पिढीने जन्मभर बाळगली. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजनेसारखी मोठी गोष्ट निघाली. परंतु रास्त भावाच्या दुकानातून जे धान्य मिळू लागले ते गहू आणि तांदूळ. पंजाबच्या आणि आंध्रच्या कालव्यांवर पिकलेले धान्य माणदेशात स्वस्तात मिळू लागल्यावर माणदेशाने स्वतःचे धान्य कष्टाने का पिकवावे, या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते. धरणाचे पाणी जेथे पोचले तेथे ऊस आला; मराठवाडा-विदर्भात खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. रब्बी ज्वारी हाताने उपटावी लागते, कणसे मोडावी लागतात, माचाणावर बसून पाखरे राखावी लागतात, आणि या कष्टांना मजूर मिळेनासे झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास ज्वारीखाली सुमारे ६३ लाख हेक्टर जमीन होती. आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरली आहे.

अलीकडे वारा पुन्हा फिरू लागल्याची काही चिन्हे दिसतात. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्यापूर्वी २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर ठरवून दुकानातून ज्वारी-बाजरी देण्याची तरतूद केली. पण त्या तरतुदीचा अंमल व्हायचा तर सरकारने ही धान्ये खरेदी केली पाहिजेत, आणि खरेदी गव्हा-तांदळाच्या मानाने नगण्य राहिली. केंद्राच्या आधारभूत किमतींच्या यादीत मालदांडी हा स्वतंत्र जिन्नस आहे. २०२३-२४ साली संकरित ज्वारीस क्विंटलला ३१८० रुपये आणि मालदांडीस ३२२५ रुपये असा भाव होता. पंचेचाळीस रुपयांचा हा फरक खुल्या बाजारातील फरकाच्या मानाने पुष्कळदा किरकोळ ठरला, आणि ज्या यादीत तो छापला गेला ती यादी खरीप पिकांची आहे.

शास्त्राच्या बाजूने मात्र काम थांबलेले नाही, आणि त्याची दिशाही बदलली आहे. सर्वत्र एकच वाण पेरावा हा आग्रह सोडून जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण देण्याची पद्धत राहुरीच्या विद्यापीठाने घालून दिली: उथळ जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, भारी जमिनीस फुले वसुधा, आणि पाण्याची सोय असलेल्या भारी जमिनीस फुले रेवती. परभणीच्या विद्यापीठाचा परभणी मोतीही मराठवाड्यात रुजला. यांच्या जोडीला पावसाळ्यात रानात सारे पाडून पाणी अडवले, आणि शेततळ्यातून पीक पोटरीत असताना एक पाणी देता आले, तर उत्पन्नात पडणारा फरक डोळ्यांत भरण्यासारखा असतो. उसाच्या एका एकराला जे पाणी वर्षभर लागते, त्यात ज्वारीच्या कित्येक एकरांना असे एकेक पाणी सहज पुरेल. हा हिशेब अवघड नाही, तो मांडण्याची इच्छा अवघड आहे.

तथापि या धान्यांच्या कौतुकात दोन भ्रम शिरू नयेत. पहिला भ्रम असा की, अवर्षणसह पीक म्हणजे पाण्यावाचून येणारे पीक. तसे पीक पृथ्वीवर नाही. ज्वारी पाणी थोडे घेते, पण ते थोडे तिच्या पायाखाली असावेच लागते, आणि बांधबंदिस्तीवाचून उत्तम बियाणेही फसते. दुसरा भ्रम शहरी आहे. भरडधान्यांचे आरोग्यगुण कळल्यापासून शहरांतील सुखवस्तू लोक ती आवडीने घेऊ लागले, त्यामुळे पिकवणाऱ्याला भाव मिळाला तर चांगलेच. पण ज्वारी गव्हापेक्षा महाग होऊन बसली, तर कोरड्या मुलखातला भूमिहीन मजूर, ज्याचे ते पिढीजात अन्न, तोच तिला मुकतो. पिकवणाऱ्याला किफायतशीर आणि खाणाऱ्याला परवडणारे, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या तर मधला फरक सरकारने सोसला पाहिजे, जसा ते गव्हा-तांदळाच्या बाबतीत आजवर सोसत आले आहे.

कोणत्या पिकासाठी तो सोसावा, हे ठरवण्याचे साधन सरकारी दफ्तरातच आहे. गावोगावची आणेवारी, म्हणजे सामान्य पिकाच्या मानाने हाती आलेल्या पिकाचा रुपयातला हिस्सा, जी आता पैसेवारी म्हणून मोजली जाते, महसूल खात्याने पिढ्यान्‌पिढ्या नोंदवलेली आहे. तिचा उपयोग आजवर सारा तहकूब करावा की नाही, टंचाई जाहीर करावी की नाही, एवढ्यापुरताच झाला. त्याच नोंदी पीकवार लावून, पन्नास पैशांखाली गेलेल्या वर्षांत कोणत्या गावात कोणत्या पिकाने हेक्टरी किती दाणा आणि किती वैरण दिली, हे प्रत्येक तालुक्यापुरते छापून प्रसिद्ध करावे, आणि बियाण्याची शिफारस, पाण्याची वाटणी व धान्याची खरेदी या तिन्ही गोष्टी ठरवताना सरासरीच्या आकड्याशेजारी हा दुसरा आकडा ठेवावा. मग बरेच वाद आपोआप मिटतील, आणि ज्या पिकाला आपण मागासलेले म्हणून मागे टाकत आलो, त्याचा क्रमांक कितवा लागतो हे भावनेवाचून ठरवता येईल.